तायडे मॅडमची सुई

आमच्या वाशीमकडं डॉक्टर कोणाला म्हणायचं हे ठरलेलं आहे. जो नाडी पाहतो, दंडावर इंजेक्शन देतो आणि निघताना 'तेलकट खाऊ नका' म्हणतो, तो डॉक्टर. डॉ. यशोधरा तायडे यातलं काहीच करत नसत. त्या सोनोग्राफीच्या डॉक्टर होत्या. त्यामुळे उभं आयुष्य गावात काढूनही अर्ध्या जिल्ह्याच्या लेखी त्या 'फोटोवाल्या बाई'च राहिल्या. कोणी विचारलं, कुठं गेला होता, तर माणूस पोटावरून हात फिरवत सांगायचा, फोटो काढाले. हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडायचंही. म्हणायच्या, माणसांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, चेहरा सोडून काढणारी मी एकटीच.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. हृदयाचा झटका, दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं आटोपलं. जन्मभर लोकांच्या पोटात डोकावणाऱ्या बाईला तिच्याच छातीनं दगा दिला. त्यांचं सेंटर आता एका तरुण डॉक्टरनं चालवायला घेतलंय. मुलगा चांगला आहे, शांत आहे. पण आमच्या गल्लीतून भांडणाचा आवाज येत नाही, आणि मला दुपारची झोप येते. पूर्वी कधी येत नसे.

मी गोटे, पॅथॉलॉजिस्ट. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या सेंटरसमोर माझी लॅब आहे. माझा आणि पेशंटचा संबंध बाटलीपुरता आणि काचेवरच्या डागापुरता, त्यामुळे माणसं ओळखण्याचा मला फारसा सराव नाही. तायडे मॅडम ओळखायला मात्र सरावाची गरज नव्हती. भर मे महिन्यात, वाशीमची माती भाजून निघत असताना, रस्त्यावरून एखादी बुटकी बाई मरून रंगाचा लोकरी स्वेटर घालून येताना दिसली, की त्या तायडे मॅडम. मशीनच्या खोलीत एसी सतत चालू ठेवावा लागे म्हणून स्वेटर, आणि बाहेर पडताना तो काढायचं लक्षात राहत नसे. स्कूटरवर त्या हेल्मेट घालत. वाशीमात हेल्मेट घालणाऱ्याकडं लोक वळून पाहतात, त्यात खाली स्वेटर. पोरंसोरं हसायची. स्वेटरच्या दोन्ही खिशांत फुटाणे असत. बोलणं रंगात आलं की त्या मूठभर फुटाणे समोरच्याच्या हातावर ठेवत, आणि समोरच्याचं तोंड फुटाण्यांत गुंतलं की आपला मुद्दा पुढं रेटत. या युक्तीला मी कैकदा बळी पडलोय.

त्यांच्या सेंटरच्या दारात सरकारी नियमाप्रमाणे पाटी होती, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. त्या पाटीमुळे आणि आत बसलेल्या पोटुशा बायांमुळे पुरुषमंडळींना तिथं बसायची भारी लाज. रिसोडकडचे एक आजोबा पोटदुखीनं बेजार झाले होते, तरी आत येईनात, पानठेल्यापाशी उभे. नंबर आला तशा मॅडम स्वतः दारात आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या बाबाजी, तुमाले दिवस गेले नाहीत हे मी लिहून देतो." आजोबा लाजून लाल झाले, पण आले. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले.

त्या मूळच्या अनसिंगच्या. वडील वाशीमच्या स्टेशनावर हमाल होते. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, वडिलांनी मुलींना शिकवायचा चंग बांधला, आणि थोरली नागपूरला जाऊन डॉक्टर झाली. हे सगळं त्या एका दमात सांगत, त्यात ना तक्रार ना मिरवणं. एकदा एक मोठे बागायतदार तपासणीला आले आणि टेबलावर आडवं होण्याआधी चौकशी करू लागले, बाई, तुमी कोनाच्या, कोन्या गावच्या. प्रश्नाचा रोख त्यांना कळत नव्हता असं नाही. त्यांनी सांगितलं, "अनसिंगच्या नामदेव तायडेची पोरगी. तुमच्या बापाच्या कापसाच्या गाठी माह्या बापानं उचलल्या. आता तुमी शर्ट वर उचला." बागायतदारांनी मुकाट्यानं शर्ट वर केला. पुढं ते आपल्या घरच्या प्रत्येकाला तपासणीसाठी त्यांच्याकडंच पाठवू लागले, इतकं की त्यांच्या कुटुंबाचं अख्खं पोट आम्हाला पाठ झालं.

आमची ओळख भांडणानंच झाली. मी नवीन लॅब टाकली होती. कोणा पेशंटच्या पोटातल्या गाठीचा तुकडा माझ्याकडं आला, मी तो रीतीप्रमाणे फॉर्मलीनमध्ये टाकला आणि निवांत झालो. तासाभरानं स्वेटर घातलेली बाई माझ्या दारात उभी. फॉर्मलीनमध्ये तुकडा टिकतो, सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो, पण त्यात टीबीचा जंतू असला तर तो मरतो आणि पुढच्या तपासणीला काही उरत नाही. हे मला पुस्तकात ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि हात थांबणं यात फरक असतो, तो त्यांनी मला त्या दिवशी सगळ्या पेशंटांदेखत समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी दिलगिरी म्हणून फुटाणे घेऊन आल्या. दिलगिरी आवाजाबद्दल होती, मुद्द्याबद्दल नव्हती.

तेव्हापासून त्यांची एक पद्धत सुरू झाली. तुकडा घेतला की त्या दोन बाटल्या करत. एक फॉर्मलीनची, माझ्यासाठी. दुसरी साध्या मिठाच्या पाण्याची, जंतूच्या तपासणीसाठी. या दुसऱ्या बाटलीवर त्या एक लाल टिकली चिकटवत. स्वतः टिकली कधी लावत नसत, पण टेबलाच्या खणात टिकल्यांचं पाकीट कायम. माझ्या लॅबमधली मुलं बदलली, वाचता येणारी आली, लेबलं न वाचणारीही आली, पण टिकलीच्या बाटलीत फॉर्मलीन ओतायची कोणाची हिंमत झाली नाही. आता आसपासच्या तालुक्यांतूनही तशा टिकलीच्या बाटल्या येतात. पाठवणाऱ्यांना हे कुठून आलं ते बहुधा माहीत नसेल.

पोटाचा टीबी हा त्यांचा जुना वैरी होता. छातीचा टीबी आपल्याकडं सगळ्यांना कळतो. खोकला, बेडका, एक्सरे. पोटातला मात्र लपून बसतो. खोकला नाही, बेडका स्वच्छ, छातीचा फोटो चोख. माणूस वाळत जातो, संध्याकाळी कणकण येते, पोट फुगतं, आणि तो गॅसच्या गोळ्या खात गावोगाव हिंडतो. नागपूरला शिकत असताना असली कितीतरी पोटं त्यांनी उघडलेली पाहिली होती. आत काय आहे हे कळत नाही म्हणून उघडायचं, टीबी निघाला की गोळ्या लिहायच्या आणि पोट शिवून टाकायचं. ज्या आजाराला गोळ्या पुरतात त्याच्यासाठी छातीखालपासून बेंबीखालपर्यंत टाके. त्या म्हणत, तेव्हा दुसरा इलाज नव्हता, पण आता मशीन आहे, बारीक सुया आहेत, जंतूचा अंश ओळखणारं यंत्र सरकारी दवाखान्यात आहे. मग आता ती सबब चालायची नाही. सर्जनला फोन लावून त्यांचं एकच पालुपद, आधी सुई, मग सुरी. आणि समोरच्यानं घाई केली की, "पोट काही पळून नाही जात."

पोट पळून जात नाही हे खरं, पण एकदा ते अडलं. मालेगावकडचा एक शिक्षक होता. आतड्याला टीबीची सूज होती, सुईनं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. आमच्या गावचे सर्जन डॉ. देशमुख म्हणत होते की आतडं फार आवळलंय, मला तेवढा भाग काढू द्या. मॅडम म्हणाल्या, गोळ्यांनी सुटेल, थांबा. गोळ्यांनी सुटलं नाही. ऐन सणाच्या दिवशी त्याचं आतडं पूर्ण बंद पडलं आणि देशमुखांना धावपळीत ऑपरेशन करावं लागलं. माणूस वाचला. मॅडम ऑपरेशन थिएटरबाहेर त्याच्या बायकोशेजारी बसून होत्या. देशमुख बाहेर आले तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी शिक्षकाच्या बायकोला सगळ्यांसमोर सांगितलं की डॉक्टर आधीच म्हणत होते, मी थांबवलं, हा उशीर माझ्यामुळं झाला. आमच्या धंद्यात असलं वाक्य कोणी इतक्या सरळ बोलत नाही. त्यानंतर त्या देशमुखांचं ऐकू लागल्या असं मात्र समजू नका. भांडणं चालूच राहिली, फक्त भांडणाच्या शेवटी त्या विचारू लागल्या, देशमुख, तुमच्या हाताला काय वाटते?

सविता आली ती यानंतर.

रिसोडजवळच्या एका खेड्यातली. नवरा गजानन रिसोड-वाशीम रस्त्यावर जीप चालवतो, घरी थोडी कोरडवाहू शेती. लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नव्हतं. आणि एके वेळी तिची पाळी थांबली, जेवण तुटलं, पोट दिसू लागलं. घरात आनंद झाला. सासू शांताबाई. तिनं इतकी वाट पाहिली होती की तपासणी करायचीही तिला भीती वाटली, नजर लागेल म्हणून. डॉक्टर नाही, तपासणी नाही, शेजारीपाजारी कोणाला सांगणं नाही. तिनं तिसऱ्या महिन्यात दार लावून सुनेची चोरओटी भरली. आमच्याकडं रीतच आहे, पहिली ओटी चोरून भरायची, गाजावाजा नंतर. खण, नारळ, तांदूळ, सगळं यथासांग. पण पोट महिन्याच्या मानानं फार वाढायला लागलं आणि हातापायांच्या काड्या झाल्या, तेव्हा गजाननच्या जीपमधून सगळी मंडळी सोनोग्राफीला आली.

ती दुपार मॅडमनी मला नंतर सांगितली. शांताबाई हट्टानं आत येऊन मशीनच्या पडद्यासमोर बसली होती. तिनं विचारलं, बाळाचं तोंड कुन्या बाजूनं हाये. मॅडमचा हात थांबला. त्यांनी सांगितलं, "मावशी, बाळ नाही. पोटात पानी भरलं हाये." शांताबाई पडद्याकडं बघतच म्हणाली, "आमी तं ओटी भरली तिची." मॅडम म्हणाल्या की सुनेची ओटी भरली ते बरंच केलं, तिला त्याची गरज पडणार आहे. टेबलावर पडलेल्या पोरीनं साडीचा पदर पोटावर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

मॅडमनी त्यांना पाणी तपासायला सांगितलं होतं, पण नातेवाइकांत एक शहाणा निघतोच. त्यानं त्यांना परजिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला, जो अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतो. पोटातला पडदा जाड झालेला, त्यात पाणी. तिथल्या सर्जननी कॅन्सर धरून ऑपरेशन ठरवलं, त्यात गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढायची. मी त्या सर्जनना दोष देणार नाही. तो कागद माझ्यासमोर आला असता तर माझ्याही मनात पहिली शंका तीच आली असती. पण तोच आकडा पोटाच्या टीबीतही वाढतो, आणि पडदाही तसाच जाड होतो. दोन्ही आजार एकमेकांचा वेष घेऊन फिरतात.

सविताला आणि आईला गल्लीच्या तोंडाशी जीपमध्ये बसवून गजानन मॅडमकडं आला, तो दुसरं मत घ्यायला नव्हे. त्याला एवढंच विचारायचं होतं की ऑपरेशन झाल्यावर सविताला सांगायचं कसं. म्हणजे तिला माहीत नव्हतं. तिला घरच्यांनी सांगितलं होतं की पाणी काढायचं ऑपरेशन आहे.

त्या दिवशी मॅडमचा आवाज माझ्या लॅबपर्यंत आला. "जिच्या पोटातून काढून राह्यले, तिलेच माहीत नाही? काहून?" गजानन रडकुंडीला आला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. आपल्याकडं मोठा आजार घरच्या सगळ्यांना माहीत असतो, फक्त ज्याला झाला त्याला सोडून. ही आमची मायेची रीत. मॅडमना या मायेचा संताप होता.

त्यांनी सविताला आत बोलावलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. आधी खरं सांगितलं, दोन्ही शक्यता, दोन्ही रस्ते. कॅन्सर असला तर ते ऑपरेशन लागेल आणि मग कधी मूल होणार नाही. टीबी असला तर गोळ्या आहेत. कोणतं आहे ते मला आज माहीत नाही, पण सुईनं शोधून पाहता येईल. सविताचं बोलणं मॅडमनी मला तसंच्या तसं सांगितलं, कारण ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. ती म्हणाली होती, "डॉक्टरीन बाई, कालपासून सारे माह्या पोटाकडं पाहून रडून राह्यले. मले कोनी काही इचारलं नाही. तुमी पयल्या."

त्या सर्जनना मॅडमनी फोन लावला. मी समोर बसलो होतो, तयारीत, की आता फुटाण्यांशिवाय भांडण होणार. पण त्या फार नम्र बोलल्या. तुमची शंका रास्त आहे, मला थोडे दिवस द्या, सुईनं काही हाती लागलं नाही तर मीच पेशंटला घेऊन तुमच्याकडं येईन. तो माणूसही भला निघाला. त्यानं तारीख पुढं ढकलली, पण फार नाही, आणि बजावलं की कॅन्सर असेल तर प्रत्येक दिवस महाग आहे. ते खरंच होतं. आता पोटही पळून जाऊ शकत होतं, आणि मॅडमनाही ते ठाऊक होतं.

पहिल्यांदा सुईनं पोटातलं पाणी काढलं. गव्हाच्या काडासारखं पिवळसर. माझ्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, टीबीकडं बोट दाखवणारं बरंच काही दिसलं. पण सरकारी यंत्रावरच्या जंतूच्या तपासणीत त्या पाण्यात जंतू सापडला नाही. निगेटिव्ह. हा शब्द शांताबाईला बरोब्बर कळला. टीबी नाही, म्हणजे कॅन्सरच. तिनं सविताला परत त्या मोठ्या दवाखान्यात न्यायची तयारी सुरू केली, ऑपरेशनसाठी.

मीही मॅडमना म्हटलं की आता पुरे करा. त्या शिक्षकाच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सर्जनला छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून पाहू द्या, भूल द्यावी लागेल, पण निकाल लागेल. त्या चिडल्या नाहीत. स्वेटरच्या बाह्या मागं सारत म्हणाल्या, "गोटे, पान्यात जंतू थोडे असतात. ते पडद्यात बसले असतात. मले एकदा पडद्यापर्यंत जाऊ द्या. मंग तुमचं ऐकतो." त्या मुठी आवळून बसल्या होत्या. त्यांना इतकं भ्यालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तरीही त्या थांबल्या नाहीत, हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगतो.

आतड्यांवर पदरासारखा चरबीचा एक पडदा पसरलेला असतो. सविताचा तो पडदा जाड होऊन पोटाच्या पुढच्या भिंतीला लागला होता. मॅडमनी कातडीखाली बधिर करायचं औषध दिलं आणि मशीनच्या पडद्यावर पाहत पाहत सुई त्या जाड भागात नेली. सविता पूर्ण जागी. मी बाटल्या घ्यायला म्हणून दाराशी उभा होतो. त्या प्रत्येक पायरी तिला आधी सांगत होत्या, आता टोचेल, आता दाबल्यासारखं वाटेल, आता टक् असा आवाज येईल, घाबरू नको. सुईतून तुकडा निघाला तेव्हा सविता म्हणाली, मले दाखवा. मॅडमनी तो तिच्यासमोर धरला. शेवईच्या तुकड्याएवढा. तिनं विचारलं, एवढ्याशानं समजते? मॅडम म्हणाल्या, समजलं पाहिजे.

तुकडे दोन्ही बाटल्यांत गेले. माझी स्लाइड तयार व्हायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही. त्या काळात मॅडम रोज माझ्या पायरीशी येत आणि काही न विचारता परत जात. ही बाई न विचारता परत जाते म्हणजे काय, ते ज्यांनी त्यांना ओळखलं त्यांनाच कळेल. स्लाइड तयार झाली त्या सकाळी त्या माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. मी काच सरकवत गेलो. पहिल्या भागात नुसती चरबी. पुढं थोडी सूज. आणि मग एक गाठ, मधोमध दह्यासारखा सडलेला भाग, भोवती पेशींचं कडं. शेजारी दुसरी. टीबीची अगदी चोख खूण. कॅन्सर कुठंही नाही.

मी उठलो आणि म्हटलं, मॅडम, बसा, पाहा. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीनं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "गोटे, तुमच्या लॅबमध्ये धूळ फार." आणि गेल्या. दुपारी टिकलीच्या बाटलीचा निकाल आला. पाण्यात न सापडलेला जंतू तुकड्यात सापडला होता, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा होता. त्या सर्जनना फोन केला तेव्हा त्यांनी ऑपरेशन रद्द केलं आणि मॅडमचे आभार मानले, हे मला मॅडमनी नाही, देशमुखांनी सांगितलं.

पुढचं सोपं असेल असं वाटलं होतं, पण शांताबाई अडली. खोकला नाही, छातीत काही नाही, मग टीबी कसा. आणि टीबी असेल तर तिचं ताट वेगळं, भांडं वेगळं, गावात कळलं तर काय. मॅडमनी तिला समजावलं की छाती साफ आहे, पोटातला हा टीबी शेजारी बसून, एका ताटात जेवून होत नाही. शांताबाई मान डोलवायची, पण भांडी वेगळीच. एका तपासणीच्या दिवशी सविता डबा घेऊन बाहेर बाकावर एकटीच जेवत होती, दोन माणसांची जागा सोडून सासू. मॅडम खोलीतून बाहेर आल्या, सविताशेजारी बसल्या आणि तिच्याच डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा खाऊन टाकला. पेशंट थांबलेले, त्यांचा नंबर थांबलेला. ठेचा तिखट होता. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी शांताबाईला विचारलं, ठेचा तुमी केला का. शांताबाई हो म्हणाली. मॅडम म्हणाल्या, मग तुमीही या, एकटीले जेवाले बसवलं तं ही पोरगी उपाशीच राह्यल. शांताबाई लगेच उठली नाही. पण उठली.

सविता गोळ्या चुकवायची नाही. पोट आधी उतरलं, मग अंगावर मांस आलं, मग पाळी आली. गजानन मधूनमधून जीप गल्लीच्या तोंडाशी उभी करून यायचा आणि तिचं वजन सांगून जायचा, जणू ते आमच्या घरचं वजन होतं.

गोळ्यांचा कोर्स संपला तशी शेवटची सोनोग्राफी ठरली. मॅडमनी मलाही बोलावलं, म्हणाल्या, तुमी नुसत्या बाटल्या पाह्यता, एकदा माणूस पाहा. मी गेलो. खोलीत सविता टेबलावर, शांताबाई आणि गजानन पायथ्याशी. मॅडमनी मशीन फिरवली, सगळीकडून पाहिलं. पाणी नाही, पडदा पातळ, गर्भाशय आणि अंडाशयं जागच्या जागी. हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं. गजाननानं हात जोडले. जो प्रश्न मनात घेऊन शांताबाई इतके महिने येत होती, तो तिनं विचारला. "मंग आता लेकरू होईन का?"

'होईल' म्हणायला काय लागतं? मी असतो तर म्हटलं असतं. पण या आजारात बीज नेणाऱ्या आतल्या नळ्या खराब झालेल्या असू शकतात आणि ते या मशीनवर दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शांताबाईकडं पाहिलं नाही, सविताकडं पाहिलं.

"मले माहीत नाही, सविता. होईन, नाही होईन. खोटं नाही सांगत तुले."

सविता म्हणाली, "होवो न होवो. कापून न्याले निघाले होते, ते माह्यापाशी राह्यलं."

मॅडमनी कापसानं तिच्या पोटावरचं चिकट द्रव्य पुसलं. पोरगी तशीच पडून होती, दोन्ही हात अंगालगत ताठ, सुई घातली त्या दिवशी पडली होती तशी. या पोटात आधी सगळ्यांना बाळ दिसलं, मग पाणी, मग कॅन्सर. ज्यानं त्यानं हात लावून पाहिला, बोटांनी ठोकून पाहिलं. तिनं स्वतः कधी लावल्याचं मला आठवत नाही. मॅडमनी तिचा उजवा हात उचलला, तिच्या पोटावर नेऊन ठेवला आणि वर आपला तळवा ठेवला.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "हे तुह्यं हाये."

सविताचा हात आधी नुसता पडून होता. मग बोटं हळूहळू पसरली. मॅडमनी आपला हात काढून घेतला, तिचा तिथंच राहिला. त्या उठल्या, दिवा मालवला आणि आम्हा तिघांना बाहेर काढून दार लोटून घेतलं, म्हणजे ती आत एकटी राहील. दाराशी त्या पाठ टेकून उभ्या राहिल्या. शांताबाई आत जायला निघाली तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. बाहेर पेशंटची गर्दी, कोणी नंबर विचारतंय, कोणाचं पोरगं रडतंय. त्या कोणालाही उत्तर देत नव्हत्या. मला लॅबमधून बोलावणं आलं म्हणून मी निघालो, वळून पाहिलं तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्या गेल्या. माझ्या डोळ्यांपुढं राहिलेल्या तायडे मॅडम त्याच, एका पोरीला तिचं पोट परत देऊन बंद दाराबाहेर राखण करत उभ्या.